परदेशी बाजारात गुंतवणूक: आधी कागद, मग पैसा, शेवटी शेअर

नागपुरात परदेशी शेअर घेणारे आता फक्त मिहानमधले आयटीवाले राहिलेले नाहीत. इतवारीतले व्यापारी, रामदासपेठेतले डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक असे सगळेच घेतात. विवरणपत्रांच्या हंगामात त्यांची कागदपत्रं माझ्यासमोर येतात आणि चूक जवळपास प्रत्येक वेळी एकाच प्रकारची निघते: क्रम उलटा झालेला असतो. आधी शेअर ठरतो, मग ॲप उतरवलं जातं, मग पैसा जातो. टीसीएस (परदेशी पैसा पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) कापला गेला की चौकशी सुरू होते आणि परदेशी मालमत्तेची नोंद आठवते ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. युद्ध, आयातशुल्क आणि चिप यांच्या बातम्या रोज फिरत असताना हा उलटा क्रम फार महागात पडतो, कारण निर्णय बातमीच्या तावात होतो आणि नियम नंतर कळतात.

पुढचा क्रम भारतात राहणाऱ्या, स्वतःच्या नावावर गुंतवणूक करणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. अनिवासी भारतीयांचे नियम वेगळे आहेत.

## टप्पा १: घरातली जोखीम कुठे बांधलेली आहे ते लिहा

एक कोरा कागद घ्या. घरात येणारं उत्पन्न कोणत्या देशाच्या, कोणत्या धंद्याच्या जिवावर आहे ते लिहा. मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी असेल तर पगार बराचसा अमेरिकी ग्राहकांच्या खर्चावर चालतो. अशा माणसाने सगळी परदेशी रक्कम अमेरिकी तंत्रज्ञान फंडात टाकली, तर मंदीत नोकरी आणि गुंतवणूक दोन्ही एकदम डगमगतील. कापसाच्या व्यापाऱ्याचं उत्पन्न जागतिक भाव आणि आयातशुल्क या दोन्हींवर हलतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं, त्याचा धक्का विदर्भाला बसला. वेकोलि (कोळसा) किंवा मॉयलमध्ये (मँगनीज) नोकरी असेल तर उत्पन्न देशांतर्गत मागणीशी बांधलेलं आहे. अशा घराला परदेशी हिस्सा खरोखर वेगळेपणा देतो.

त्याच कागदावर तीन आकडे लिहा: सहा महिन्यांचा घरखर्च, चालू कर्जाचे हप्ते आणि येत्या पाच-सात वर्षांत नक्की लागणारे पैसे. ही रक्कम परदेशी बाजारात जाणार नाही.

तपासा: उद्दिष्ट डॉलरमध्ये आहे की रुपयात? मुलीला अमेरिकेत शिकायला पाठवायचं असेल तर डॉलरमधली मालमत्ता थेट उपयोगाची. नागपुरात घर घ्यायचं असेल तर विनिमय दराची चढउतार ही वाढीव जोखीम ठरते. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या वर गेला. पण मधल्या काही वर्षांत रुपया वधारलाही होता. रुपया दरवर्षी घसरणारच असं गृहीत धरून हिशेब मांडू नका.

## टप्पा २: रस्ता निवडा

रस्ते तीन आहेत. अनेकांना पहिला पुरेसा असतो.

पहिला: भारतीय म्युच्युअल फंड किंवा ईटीएफ (शेअरबाजारात शेअरसारखा विकला-घेतला जाणारा फंड). पैसे रुपयात जातात, टीसीएस नाही, विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद नाही. अडचण अशी की फंडांनी परदेशात किती गुंतवायचं याला मर्यादा आहे: संपूर्ण उद्योगाला ७ अब्ज डॉलर, आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळे १ अब्ज डॉलर. २०२२ च्या सुरुवातीला पहिली मर्यादा गाठली गेली, १ एप्रिल २०२४ पासून ईटीएफ घेणाऱ्या फंडांतली नवी आवकही थांबवावी लागली. त्यामुळे फंड कधी उघडे, कधी बंद असतात. एसआयपी सुरू करण्याआधी फंड नवे पैसे घेतोय का ते त्याच्या संकेतस्थळावर पाहा.

इशारा: मर्यादेमुळे नवी युनिट बनत नाहीत, म्हणून एनएसईवरचे परदेशी ईटीएफ खऱ्या मूल्यापेक्षा महाग विकले जाऊ शकतात. खरेदीआधी आयएनएव्ही, म्हणजे ईटीएफच्या आतल्या शेअरांवरून दिवसभर मोजलं जाणारं खरं मूल्य, पाहा. आयएनएव्ही १०० रुपये आणि बाजारभाव ११५ असेल, तर १५ टक्के तुम्ही केवळ टंचाईपोटी देताय. मर्यादा वाढली की तो फरक एका दिवसात विरू शकतो आणि निर्देशांक वर गेला तरी तुमचा तोटा होऊ शकतो.

दुसरा: एलआरएसमधून थेट परदेशी ब्रोकर. रिझर्व्ह बँकेच्या या योजनेत प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. निवड सगळ्यात मोठी, कागदही सगळ्यात जास्त.

तिसरा: गिफ्ट सिटी हे आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र. तिथले फंड आणि एक्स्चेंज गांधीनगरला असले तरी परकीय चलन कायद्यासाठी ते परदेशासारखेच आहेत. पैसा एलआरएसमधूनच जातो आणि टीसीएसचा नियमही लागतो. 'भारतातच आहे, मग टीसीएस कशाला' हा वाद बँकेच्या काउंटरवर घालू नका.

इतवारी आणि गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांसाठी खास: एलआरएस फक्त व्यक्तींसाठी आहे. हिंदू अविभक्त कुटुंब, भागीदारी फर्म, कंपनी किंवा ट्रस्ट यांना ती वापरता येत नाही. फर्मच्या चालू खात्यातून पैसा पाठवण्याची घाई मला दरवर्षी दिसते. आधी तो पैसा रीतसर स्वतःच्या बचत खात्यात आणा.

## टप्पा ३: वाटप बातमीआधी लिहून ठेवा

या टप्प्याला घाई नको, एक पूर्ण रविवार द्या. इथे लिहिलेले आकडेच पुढच्या गोंधळात तुम्हाला धरून ठेवणार आहेत.

क) एका देशावर कमाल मर्यादा. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. २८ तारखेला मॉस्को एक्स्चेंजवरचे शेअर व्यवहार थांबले. ९ मार्चला निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय कंपनीने रशियन शेअर आपल्या निर्देशांकांतून जवळपास शून्य किमतीला काढून टाकले. तेल कंपन्या जागेवर होत्या, नफाही होत होता, पण परदेशी गुंतवणूकदाराला विकायला बाजारच नव्हता. 'पडायला लागलं की स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाला आपोआप विक्री) लावू' हा विचार अशा घटनेत कामाला येत नाही. भूराजकीय जोखमीपासून वाचवते ती आधी ठेवलेली मर्यादा. माझं मत: एका उदयोन्मुख देशात एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांहून जास्त रक्कम अडकू देऊ नका. भारत अर्थातच यातून वेगळा, कारण आपलं सगळंच इथे आहे.

ख) एका संकल्पनेवर कमाल मर्यादा. तंत्रज्ञान जग बदलतं हे खरं, पण त्या बदलातून कमाई कोणती कंपनी करेल हे आधी कळत नाही. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी मॉडेलच्या बातमीने एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात सुमारे १७ टक्के पडला. मार्च २००० मध्ये शिखरावर गेलेल्या नॅस्डॅक कंपोझिट निर्देशांकाला ती पातळी पुन्हा गाठायला २०१५ उजाडलं. इंटरनेटबद्दलचा अंदाज बरोबर होता, किंमत चुकली होती. जपानच्या निक्केईने डिसेंबर १९८९ चं शिखर ओलांडलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता, चिप, संरक्षण, बॅटरी अशा विषयवार फंडांना परदेशी हिश्श्याच्या पाचव्या भागापेक्षा जास्त जागा देऊ नका.

ग) आत काय आहे ते पाहा. तीन फंड घेतले म्हणजे तीन ठिकाणी पैसा वाटला गेला असं होत नाही. अमेरिकेचा व्यापक निर्देशांक, नॅस्डॅक १०० आणि एआय फंड उघडून प्रत्येकातले पहिले दहा शेअर शेजारी शेजारी लिहा. मायक्रोसॉफ्ट आणि एनव्हिडिया तिन्हींकडे वर दिसण्याची शक्यता मोठी. 'संपूर्ण जगाचा' निर्देशांक घेतला तरी त्यात अमेरिकेचा वाटा ६० टक्क्यांच्या वर असतो. 'उदयोन्मुख बाजार' फंडात चीन, तैवान आणि दक्षिण कोरियाबरोबर भारतही असतो. म्हणजे डॉलर करून, खर्च भरून, तुम्ही थोडा भारतच परत विकत घेता. शिवाय त्यात तैवानच्या टीएसएमसीचं वजन मोठं आहे. जगातल्या अत्याधुनिक चिपचं उत्पादन मुख्यतः ही एकच कंपनी करते, एनव्हिडियाच्या चिपही तिच्याकडेच बनतात. त्यामुळे एआय फंड आणि उदयोन्मुख बाजार फंड वरून वेगळे दिसले तरी तैवानच्या सामुद्रधुनीतल्या तणावाने दोन्ही एकदम हलतील. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले, तेव्हापासून हा धागा आणखी ताणला गेला आहे.

घ) रोजच्या भाषेत नियम लिहा. उदाहरणार्थ: 'एकूण गुंतवणुकीच्या १५ टक्के परदेशात. त्यातला मोठा भाग व्यापक निर्देशांकात. वर्षातून एकदा, जानेवारीत, फेरवाटप (हिस्से पुन्हा ठरल्या प्रमाणात आणणं). हिस्सा ठरवलेल्यापेक्षा ५ टक्के अंकांनी हलला असेल तरच व्यवहार.' तारीख टाका, सही करा, नवरा-बायको दोघांनी वाचा.

तपासा: तुमचा कागद 'काय होईल' याबद्दल बोलतोय की 'झालं तर मी काय करेन' याबद्दल? पहिलं असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा ४: खातं उघडण्याआधीचे चार प्रश्न

१. खातं कुणाच्या नावावर? ज्याच्या पॅनवर पैसा जाणार त्याच्याच. घरातल्या चौघांची मर्यादा जोडून एकाच्या नावावर गुंतवणूक करता येत नाही.

२. ब्रोकर कोण, शेअर कुठे ठेवले जातात? अमेरिकी ब्रोकर एसआयपीसी या गुंतवणूकदार-संरक्षण संस्थेचा सदस्य आहे का पाहा. ब्रोकर बुडाल्यास ५,००,००० डॉलरपर्यंत संरक्षण मिळतं, त्यात रोख रकमेला कमाल २,५०,०००. शेअरचा भाव पडल्याची भरपाई त्यात नाही.

३. आपण अमेरिकेबाहेरचे रहिवासी आहोत हे सांगणारा डब्ल्यू-८बीईएन फॉर्म भरला का? हा भरला की अमेरिकी लाभांशावर कर ३० ऐवजी २५ टक्के कापला जातो. तो सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो. नूतनीकरणाची तारीख मोबाइलवर लावून ठेवा.

४. मी गेल्यावर काय? हा प्रश्न निवृत्त लोकांनी तरी टाळू नये. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या माणसाच्या नावावर मृत्यूसमयी ६०,००० डॉलरपेक्षा जास्त अमेरिकी मालमत्ता असेल, तर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत वारसा कर लागू शकतो. त्यात अमेरिकी शेअर आले आणि अमेरिकेत नोंदलेले ईटीएफही आले. भारताचा या कराबाबत अमेरिकेशी करार नाही. रक्कम त्या पातळीकडे जाणार असेल तर आयर्लंडमध्ये नोंदलेले ईटीएफ हा मार्ग पाहा. तेच अमेरिकी शेअर आत असतात, पण हा कर लागत नाही. सगळे ब्रोकर ते देत नाहीत, म्हणून ब्रोकर निवडण्याआधीच विचारा.

इशारा: एलआरएसच्या पैशाने परदेशात मार्जिनवर (ब्रोकरच्या उसन्या पैशावर) व्यवहार करता येत नाहीत, परकीय चलनाचा सट्टाही नाही. 'डॉलर-युरो ट्रेडिंग, दररोज खात्रीचा परतावा' असं सांगणारा व्हॉट्सॲप गट सोडून द्या. अशा अनधिकृत मंचांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, पण यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत, असंही समजू नका.

## टप्पा ५: पैसा पाठवणं

काही बँका नेट बँकिंगवरून पाठवू देतात. नसेल तर बर्डी किंवा सदरची मोठी शाखा गाठा आणि आधी फोन करून परकीय चलनाचं काम तिथे होतं का विचारा. पॅन आणि फॉर्म ए२ (परकीय चलन पाठवण्याचा अर्ज) लागतो. हेतू लिहिताना परदेशी शेअर गुंतवणुकीचाच कोड टाका, एस०००१. 'भेट' किंवा 'कुटुंबाचा निर्वाह' असं लिहून सोपं करू नका, पुढे खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो. या कामासाठी बँकेचं कर्जही घेता येत नाही.

टीसीएसचा हिशेब आधी मांडा. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत गुंतवणुकीच्या रकमेवर टीसीएस नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. १२ लाख पाठवले तर २ लाखांवर म्हणजे ४०,००० रुपये. हा जादा कर नाही. विवरणपत्रात तो वजा होतो किंवा परत मिळतो, नोकरदाराला कंपनीला कळवून पगारातली कपातही कमी करून घेता येते. पण तोवर पैसा अडकतो.

नेहमीची चूक: १० लाखांची मर्यादा सगळ्या बँका आणि सगळे हेतू मिळून एकच असते. मुलाच्या निर्वाहाला पाठवलेले पैसे त्यातच मोजले जातात.

खर्चाचंही गणित करा. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, त्याची किमान रक्कम ४५ रुपये. २ लाख रुपयांच्या बदलावर २७० रुपये. त्याहून जड पडतं ते बँकेचं ठोक शुल्क आणि दरातला फरक. समजा शुल्क १,००० रुपये आहे. महिन्याला १०,००० पाठवले तर १० टक्के इथेच गेले. एकदम १ लाख पाठवले तर १ टक्का. लहान रकमेची मासिक शिस्त हवी असेल तर ती रुपयात, आवर्ती ठेवीत पाळा आणि वर्षातून दोन-तीनदाच पाठवा. दराची विचारणा करताना 'आजचा दर' एवढंच विचारू नका. 'माझ्या खात्यातून इतके रुपये गेले तर ब्रोकरकडे नेमके किती डॉलर पोचतील' हे विचारा.

तपासा: पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवा. ती तुमच्या नावावर जमा झाल्याचं दिसलं की मगच मोठी.

इशारा: डॉलर ब्रोकरकडे नुसते पडून राहू देऊ नका. न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत गुंतवावी लागते किंवा भारतात परत आणावी लागते.

## टप्पा ६: खरेदी

अमेरिकी बाजार आपल्या वेळेनुसार उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला, हिवाळ्यात ८ ला उघडतो. हा बदल मार्च आणि नोव्हेंबरमध्ये होतो. पहिला अर्धा तास सोडा, लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावापर्यंतच खरेदी) लावा, टप्पा ३ च्या कागदावर जे आहे तेच घ्या.

## टप्पा ७: त्याच रात्री नोंद

एका एक्सेल पानावर दिनांक, शेअर, संख्या, डॉलर किंमत, शुल्क आणि स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) लिहा. प्राप्तिकरासाठी रुपयांत रूपांतर याच दराने होतं, गुगलच्या दराने नाही. लाभांश आणि विक्रीच्या नफ्यासाठी साधारणपणे आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर धरतात. दर महिन्याच्या अखेरीचा दर सेव्ह करून ठेवा, दोन वर्षांनी शोधायला गेलात तर वैताग येतो.

## टप्पा ८: विवरणपत्र

कुठलं? आयटीआर-१ किंवा ४ चालत नाही. २ किंवा ३ भरा.

शेड्यूल एफए, म्हणजे विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता. सर्वात जास्त चुका इथे. ही नोंद कॅलेंडर वर्षाची असते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ मध्ये एक दिवस जरी धरलेलं असेल ते सगळं येतं. फेब्रुवारी २०२६ मधली खरेदी पुढच्या वर्षी. सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, अखेरची किंमत, मिळालेलं उत्पन्न हे सगळं लागतं. तोटा असला, काही विकलं नसलं, उत्पन्न करपात्र नसलं, तरी नोंद करायची.

मिहानमधल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी हे दोनदा वाचावं: कंपनीने दिलेले परदेशी मूळ कंपनीचे शेअरही इथेच येतात, तुम्ही एक डॉलर पाठवला नसला तरी.

नोंद चुकली तर काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली. सूट दंडाला आहे, नोंद तरीही करायचीच. आणि प्राप्तिकर खात्याकडे परदेशातून माहिती येते. अशा नोंदी तपासा म्हणून खात्याने करदात्यांना संदेशही पाठवले आहेत.

लाभांश. १०० डॉलर लाभांश, २५ तिकडे कापले, हातात ७५. उत्पन्न म्हणून १०० दाखवा. कापलेल्या २५ चं श्रेय मिळवण्यासाठी फॉर्म ६७ विवरणपत्राआधी भरा. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे, त्यात फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत. त्या वर्षाचा फॉर्म पोर्टलवर पाहून घ्या.

विक्री. परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के, अधिक उपकर. कमी काळ ठेवला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. भारतीय शेअरची १२ महिन्यांची मुदत आणि सव्वा लाखाची सूट इथे लावू नका.

## टप्पा ९: मोठी बातमी आली तर

३ आणि ४ एप्रिल २०२५ या दोन दिवसांत अमेरिकी आयातशुल्काच्या घोषणेने एस अँड पी ५०० दहा टक्क्यांहून अधिक पडला. ९ तारखेला शुल्काला स्थगिती मिळाली आणि तोच निर्देशांक एका दिवसात साडेनऊ टक्के उसळला. जो ४ तारखेच्या रात्री विकून बाहेरच बसला, त्याची ही उसळी हुकली.

अशा दिवशी या क्रमाने चाला:

१. आपला कागद काढा. देशाची किंवा संकल्पनेची मर्यादा ओलांडली आहे का पाहा. ओलांडली नसेल तर काही करू नका.

२. प्रश्न भावाचा आहे की व्यवहार करता येण्याचा? निर्बंध, एक्स्चेंज बंद, ब्रोकरचा इशारा असं काही असेल तर ब्रोकरचा ईमेल पूर्ण वाचा. त्यात कृतीची अंतिम तारीख असू शकते.

३. विकायचंच असेल तर खरेदीची तारीख पाहा. २४ महिने पूर्ण व्हायला थोडेच दिवस असतील तर कराचा फरक काढून मगच ठरवा.

४. नवे पैसे घाईने पाठवू नका. बँकेची प्रक्रिया व्हायला काही दिवस लागू शकतात, तोवर भाव वेगळा असतो.

५. काय केलं आणि का केलं, ते त्याच कागदाच्या मागे तारखेसह लिहा. जानेवारीच्या फेरवाटपाला बसाल तेव्हा ते समोर हवं.